राज्यशास्त्राचं पहिलं सेमिस्टर: विद्यार्थी हमखास विचारतात ते प्रश्न

मी हा विषय पहिल्या वर्षाला शिकले आणि पुढे काही वर्षं पहिल्याच वर्षाच्या मुलामुलींची ट्युटोरियल घेतली. दर वर्षी चेहरे नवे असायचे, प्रश्न मात्र तेच. त्यातले जे खरोखर अडवतात, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

हा विषय म्हणजे रोजच्या राजकारणाच्या बातम्याच ना?

नाही. पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त हिरमोड इथेच होतो. निवडणुका, पक्षांतरं, कोण कोणाला भेटलं यावर तासन्‌तास बोलू शकणारी मुलं उत्साहाने पुढच्या बाकावर येऊन बसतात आणि लेक्चर सुरू होतं ते ‘राज्यसंस्था म्हणजे काय’ इथून.

सरकार पडलं, एवढं बातमी सांगते. हा विषय त्याच्या मागे जातो: काही देशांत सरकार मध्येच पडू शकतं आणि काही देशांत पडू शकत नाही, असं का? ब्रिटनचा पंतप्रधान संसदेच्या विश्वासावर टिकतो. अमेरिकेच्या अध्यक्षाची ४ वर्षांची मुदत ठरलेली असते. कायदेमंडळाचं त्याच्याशी पटत नाही एवढ्यावरून त्याला घरी पाठवता येत नाही, त्यासाठी महाभियोगाची वेगळी आणि अवघड वाट आहे. हा फरक एकदा समजला की त्या देशांतली बातमी वाचताना आपण कशाकडे बघायचं तेच बदलतं.

मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. जमेल का?

जमेल. माझा अनुभव असा की कोऱ्या पाटीने आलेल्या मुलांना सुरुवात सोपी जाते. ज्यांची मतं आधीच पक्की असतात त्यांना नवी गोष्ट शिकण्याआधी जुनी जरा बाजूला ठेवावी लागते आणि ते कष्टाचं काम आहे. इतिहासाची आणि भूगोलाची थोडी ओळख असेल तर बरं. नसेल तर नकाशा जवळ ठेवा आणि अनोळखी नाव आलं की लगेच शोधा.

पहिल्या सेमिस्टरला नेमकं काय असतं?

कॉलेजागणिक मांडणी बदलते, पण गाभा साधारण सारखाच. सत्ता, राज्यसंस्था, सार्वभौमत्व, स्वातंत्र्य, समता, न्याय, लोकशाही या संकल्पना असतात. दोनचार मोठे विचारवंत असतात. शासनपद्धतींची तुलना असते. आंतरराष्ट्रीय संबंधांची तोंडओळख असते, तिथे युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपवणारा १६४८ चा वेस्टफालियाचा तह हमखास भेटतो. कुठे लोकप्रशासनाचाही एखादा घटक जोडलेला असतो.

एकाच गोष्टीच्या इतक्या व्याख्या का? एकच काय ती बरोबर व्याख्या का देत नाहीत?

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. तिचं उत्तर मी नेहमी एका देशाचं उदाहरण घेऊन द्यायचे.

स्वित्झर्लंड लोकशाही देश कधी झाला? आधुनिक संघराज्याची राज्यघटना १८४८ ची, म्हणून कोणी १८४८ म्हणेल. पण तिथल्या स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मतदानाचा हक्क मिळाला १९७१ साली. न्यूझीलंडमध्ये तो १८९३ सालीच मिळाला होता. म्हणजे ‘ठरावीक काळाने चुरशीच्या निवडणुका होतात ती लोकशाही’ अशी व्याख्या धरली तर एक साल येतं, आणि ‘सर्व प्रौढांना मत देता येतं ती लोकशाही’ अशी धरली तर १२३ वर्षांनी पुढचं. व्याख्या बदलली की इतिहास बदलतो, लोकशाही देशांची यादी बदलते आणि त्या यादीवरून काढलेले निष्कर्षही बदलतात. व्याख्या हे आपलं मोजमाप आहे. ज्या पट्टीने मोजलं तीच दाखवली नाही, तर आकड्याला अर्थ राहत नाही.

‘सत्ता’ या शब्दाचंही तसंच. अमेरिकेचे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी १९५७ साली केलेली मांडणी सोपी आहे: ब ने जे एरवी केलं नसतं ते अ त्याच्याकडून करून घेऊ शकतो, तेवढी अ ची ब वर सत्ता. १९६२ साली बॅकरॅक आणि बॅरात्झ हे दोन अभ्यासक म्हणाले, हे अपुरं आहे, कारण एखादा विषय चर्चेलाच येऊ न देणं हीसुद्धा सत्ताच. १९७४ साली स्टीव्हन ल्यूक्स आणखी एक पायरी खाली उतरले: माणसाला काय हवंसं वाटावं हेच घडवता आलं, तर तिथे विरोध उभाच राहत नाही.

मुलांना हे पाठ होतं, पण पोचत नाही. म्हणून आम्ही परीक्षेच्या तारखेवरून बोलायचो. मुलांनी विरोध केला आणि तरी तारीख लादली गेली, ही पहिली तऱ्हा. समितीच्या विषयपत्रिकेवर तारखेचा मुद्दा कधी घेतलाच नाही, ही दुसरी. आणि तारखेबद्दल आपल्याला काही म्हणता येतं हे मुलांच्या मनातही आलं नाही, ही तिसरी. एकदा एक मुलगी तिसरी तऱ्हा ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मॅडम, मग आपल्याला जे मनापासून पटलंय ते आपलंच आहे हे कसं कळणार?” त्या दिवशीचा तास तिच्या प्रश्नावरच संपला. ल्यूक्सवर घेतला जाणारा मोठा आक्षेपही हाच आहे. एखाद्याचं ‘खरं’ हित काय हे त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणी ठरवायचं, ते कोणत्या अधिकाराने?

तीनचारशे वर्षांपूर्वीचे विचारवंत आज का वाचायचे?

कारण त्यांचे प्रश्न संपलेले नाहीत. पण मोठं नाव म्हणून वाचलं तर ते कंटाळवाणे वाटतात, घाबरलेली किंवा चिडलेली माणसं म्हणून वाचलं तर जवळची वाटतात.

थॉमस हॉब्जचं घ्या. इंग्लंडमध्ये यादवी पेटली होती, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला, आणि हॉब्ज पॅरिसमध्ये आश्रयाला राहून लिहीत होता. त्याचं मुख्य पुस्तक १६५१ साली आलं. सर्वांवर जरब ठेवणारी सत्ता नसेल तर माणूस सतत धास्तीत जगतो, हे त्याने ज्या काळात लिहिलं तो काळ डोळ्यांसमोर ठेवला की त्याचा युक्तिवाद कोरडा राहत नाही. जॉन लॉकचं पुस्तक १६८९ चं. त्याची भीती उलट दिशेची आहे: ज्या सत्तेच्या हाती आपण स्वतःला सोपवलं तीच उलटली तर? १७६२ साली रूसो तिसराच प्रश्न विचारतो: सर्वांबरोबर एकत्र येऊनही माणसाने आधीइतकंच स्वतंत्र कसं राहावं?

तिघेही ‘सामाजिक करार’ (माणसांनी आपसांत करार करून राज्यसंस्था उभी केली, ही कल्पना) या मथळ्याखाली शिकवले जातात, त्यामुळे परीक्षेत त्यांची सरमिसळ होते. माझा साधा उपाय असा: प्रत्येकाच्या नावापुढे त्याला कशाची भीती वाटते ते एका ओळीत लिहून ठेवा. पुढची मांडणी त्या ओळीतून उलगडत जाते.

वाचन डोक्यावरून जातं. तीन पानं वाचली तरी काही हाती लागत नाही. काय करू?

पानं मोजणं सोडा. एका वाक्यावर अर्धा तास घालवायची सवय करा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं एक वाक्य घेऊ. १९१९ साली म्युनिकमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने राज्यसंस्थेबद्दल जे सांगितलं त्याचा आशय असा: एका ठरावीक भूप्रदेशात, शारीरिक बळाच्या वैध वापराची मक्तेदारी आपल्याकडे असल्याचा दावा यशस्वीपणे करणारा मानवी समुदाय म्हणजे राज्यसंस्था.

आता एकेक शब्द झाकून बघा. ‘वैध’ झाकला तर एखादी सशस्त्र टोळीही राज्यसंस्था ठरेल. ‘भूप्रदेश’ झाकला तर सीमा उरत नाहीत. ‘दावा’ झाकला तर वाटेल की राज्यसंस्थेखेरीज कोणी बळ वापरतच नाही. प्रत्यक्षात गुन्हेगारही वापरतात, पण तो हक्क आपला आहे हा दावा राज्यसंस्था करते. आणि ‘यशस्वीपणे’? ज्या देशाच्या सरकारची हुकमत राजधानीबाहेर चालतच नाही, त्याला काय म्हणायचं, हा अख्खा अभ्यासविषय त्या एका शब्दात दडला आहे. एवढं झालं की व्याख्या पाठ करावी लागत नाही, मनात बसते.

मराठीतून शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. परिभाषेतले अधिमान्यता (legitimacy), अधिसत्ता (authority), सत्ता (power) हे शब्द जवळजवळचे वाटतात आणि वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे वापरलेले असतात. आपल्या शिक्षकांनी कोणता शब्द कशासाठी घेतला आहे ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. माझी ती यादी तिसऱ्या वर्षापर्यंत कामाला आली.

वर्गात झालेला कोणता अनुभव सगळ्यात लक्षात राहिला?

मतमोजणीचा. हा प्रयोग कुठल्याही वर्गात करता येतो, म्हणून आकड्यांसकट सांगते.

पुढच्या आठवड्यात कशावर चर्चा करायची ते मतदानाने ठरवायचं होतं: सुरक्षा, समता की स्वातंत्र्य. वर्गात २१ जण. प्रत्येकाने तिन्ही विषय पसंतीक्रमाने लिहून दिले. चिठ्ठ्या उघडल्यावर तीन गट पडले. ८ जणांचा क्रम सुरक्षा, समता, स्वातंत्र्य. ७ जणांचा स्वातंत्र्य, समता, सुरक्षा. ६ जणांचा समता, स्वातंत्र्य, सुरक्षा.

ज्याला सर्वाधिक पहिली पसंती तो विजयी, असं धरलं तर ८ मतांनी सुरक्षा जिंकते. तळाच्या पर्यायाला वगळून दोघांत पुन्हा लढत लावली तर समता बाद होते, तिची ६ मतं स्वातंत्र्याकडे जातात आणि १३ विरुद्ध ८ असं स्वातंत्र्य जिंकतं. आणि प्रत्येक जोडीची समोरासमोर तुलना केली तर समता सुरक्षेला १३ विरुद्ध ८ अशी हरवते आणि स्वातंत्र्याला १४ विरुद्ध ७ अशी. म्हणजे समता जिंकते.

चिठ्ठ्या त्याच, माणसं तीच, आणि विजेते तीन. फळ्यावर तिसरी बेरीज लिहून झाली तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. मागून कोणीतरी विचारलं, “मग वर्गाला खरं काय हवं होतं?” जोड्या लावून तुलना करण्याची ही रीत फ्रान्सचा गणितज्ञ काँदोर्से याने १७८५ साली मांडली होती. १९५१ साली अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर पसंतीक्रम एकत्र करण्याची कुठलीच पद्धत काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही.

हे फक्त वर्गातलं कोडं नाही. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत देशभरात जास्त मतं मजूर पक्षाला पडली आणि सरकार मात्र नॅशनल पक्षाचं आलं. १९८१ साली एका तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मतं मिळाली आणि ९२ पैकी जागा अवघ्या २. अखेर १९९३ च्या सार्वमतात लोकांनी पद्धतच बदलली आणि १९९६ पासून तिथे मिश्र प्रमाणशीर पद्धतीने, म्हणजे पक्षाच्या एकूण जागा त्याच्या देशभरातल्या मतांच्या प्रमाणात ठेवणाऱ्या पद्धतीने, निवडणुका होऊ लागल्या. निवडणुकीच्या नियमांचा धडा रुक्ष वाटला तर ही दोन निकालपत्रकं शेजारी ठेवून वाचा.

चर्चेत बोलायची भीती वाटते. मित्रांशी वाद होऊन संबंध बिघडले तर?

ही भीती खरी आहे, तिला हसू नका. या विषयात आपली घरून आलेली, मनात रुजलेली मतं टेबलावर येतात आणि कोणीतरी त्यांना हात लावतं. तेव्हा दुखतं.

आमच्या ट्युटोरियलमध्ये एक नियम होता: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी सांगायचं, त्याने ‘हो, असंच म्हणायचंय मला’ म्हटलं की मगच उत्तर द्यायचं. पहिले दोन आठवडे हे फार रेंगाळतं. नंतर आवाज आपोआप खाली येतात, कारण निम्मे वाद चुकीचं ऐकल्यामुळे होत असतात.

बोलायला जमतच नसेल तर सुरुवात प्रश्नाने करा. ‘या वाक्यात स्वातंत्र्य म्हणजे कशापासून सुटका, की काही करण्याची ताकद?’ एवढं विचारलंत तरी चर्चा पुढे जाते. विचारवंत आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली स्वातंत्र्याच्या दोन कल्पनांमध्ये जो फरक केला तो जवळपास हाच आहे.

सरांची किंवा मॅडमची विचारसरणी माझ्यापेक्षा वेगळी आहे. गुण कमी मिळतील का?

बहुतेक वेळा नाही. ‘माझं मत वेगळं होतं म्हणून गुण कापले’ असं म्हणत आलेले पेपर मी मुलांसोबत बसून पुन्हा वाचले आहेत. गुण गेलेले असायचे ते मताला आधार न दिल्यामुळे. पण सगळीकडे सगळं ठीकच असतं असंही मी म्हणणार नाही. मी शिकत असताना एक शिक्षक वर्षभर गाईडमधल्या नोट्स वाचून लिहून घ्यायचे आणि प्रश्न विचारलेला त्यांना आवडायचा नाही. वर्गातल्या कितीतरी मुलांचा विषयातला जीव तिथेच गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. असं झालं तर दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांना भेटा, मूळ लेखन मिळवून चारपाच जणांचा वाचनगट करा. आमच्या गटात पाचच जण होतो, पण विषय टिकला तो त्या पाचांमुळे.

उत्तर कसं लिहायचं? सगळे मुद्दे लिहिले तरी गुण मिळत नाहीत.

माझ्या पहिल्या निबंधातलं पहिलं वाक्य होतं: ‘आज लोकशाही धोक्यात आहे हे सर्वांना माहीत आहे.’ मॅडमनी ‘सर्वांना’खाली लाल रेघ ओढून समासात लिहिलं होतं, ‘कोणाला? कशावरून?’ आणि ‘धोक्यात’खाली, ‘म्हणजे नेमकं काय घडतंय?’ मला राग आला होता. मग त्या तीन प्रश्नांची उत्तरं देत तेच वाक्य पुन्हा लिहायला बसले, तर त्याचा एक परिच्छेद झाला: निवडणुका होत आहेत, पण न्यायालयं, वृत्तपत्रं आणि विरोधी पक्ष यांच्यावरचा दबाव वाढला, तर निवडणुकीपुरती लोकशाही उरते का, आणि तिला लोकशाही म्हणावं का. दुसऱ्या वाक्याशी वाद घालता येतो. पहिल्याशी येत नव्हता, म्हणून ते कच्चं होतं.

मुद्द्यांची जंत्री करू नका. एक दावा, त्यामागचं कारण, एक खरं उदाहरण, आणि त्यावर घेता येईल असा सगळ्यात जोरदार आक्षेप. हा शेवटचा भाग मुलं गाळतात आणि तिथेच उत्तर उथळ राहतं. आणखी एक पथ्य: ‘काय आहे’ आणि ‘काय असावं’ ही वाक्यं एकमेकांत मिसळू देऊ नका. दोन्ही लिहायची मुभा आहे, फक्त कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

यात आकडेवारी असते का?

पहिल्या सेमिस्टरला थोडीच. पण आकड्यांना घाबरून विषय सोडू नका. समाजशास्त्रज्ञ सीमूर लिप्सेट यांनी १९५९ साली दाखवलं की श्रीमंती आणि लोकशाही बऱ्याचदा एकत्र आढळतात. मग श्रीमंतीमुळे लोकशाही येते का? १९९७ साली प्शेव्होर्स्की आणि लिमोंगी या राज्यशास्त्रज्ञांचं म्हणणं आलं की श्रीमंती लोकशाही आणत नाही, आलेली टिकवते. भारत या चर्चेत सतत येतो, कारण देश गरीब असतानाच इथे सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला आणि १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. दोन गोष्टी एकत्र दिसणं आणि एकीमुळे दुसरी घडणं यांतला फरक कळला तर पहिल्या वर्षापुरतं पुरे.

एआयकडून असाइनमेंट लिहून घेतली तर?

कॉलेजचा नियम काय आहे तो आधी विचारा. नियम सोडला तरी, या विषयात गुळगुळीत सारांशात नेमकी अडचणीची जागाच पुसली जाते. रूसोची ‘सामूहिक इच्छा’ (सर्वांच्या सामायिक हिताकडे बघणारी इच्छा) म्हणजे बहुमत, असं एका ओळीत वाचून आलेली मुलं मी पाहिली आहेत. रूसो स्वतः त्या दोन गोष्टींत फरक करतो. शिवाय नसलेले लेख आणि न बोललेली वाक्यं संदर्भ म्हणून समोर येतात. मूळ उतारा स्वतः वाचून मग शंका विचारायला त्याचा उपयोग करा.

हे शिकून पुढे काय करता येतं?

स्पर्धा परीक्षा, कायदा, पत्रकारिता, धोरण संशोधन, स्वयंसेवी संस्था, अध्यापन. पदवी एकटी नोकरी देत नाही, सोबत लेखन आणि एखादी जास्तीची भाषा किंवा आकडेवारीचं कौशल्य लागतं.

सगळीकडे सत्ता आणि स्वार्थच दिसायला लागलाय. हे नॉर्मल आहे का?

हो, आणि सेमिस्टरच्या मध्यावर पुष्कळांचं असं होतं. दर तासाला एखादी आवडती कल्पना उलगडून दाखवली जाते, मग वाटतं की तिच्यात काही नव्हतंच. एक मुलगा मला म्हणाला होता की आता कोणी समतेबद्दल बोललं की त्याला त्यामागचा फायदाच आधी दिसतो.

त्याला मी मँकर ओल्सन हा अमेरिकेचा अर्थशास्त्रज्ञ वाचायला दिला. ओल्सन १९६५ साली विचारतो: सर्वांच्या फायद्याचं काम असलं तरी प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने करावं, मग सामूहिक काम होतं तरी कसं? त्या मुलाला वाटलं, हाही निराशाच देणार. पण नीट वाचल्यावर प्रश्न उलटा झाला. इतकी अडचण असूनही माणसं संघटना उभारतात, संप करतात, मताधिकारासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढतात. मग ते का घडतं? त्याने त्याच सेमिस्टरला स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळींवर प्रकल्प केला आणि सबमिशनची तारीख उलटून गेल्यावरही नवीन पानं आणून दाखवत राहिला.

दुसऱ्या वर्षी हाच विषय ठेवायचा की नाही, कसं ठरवू?

गुणांवरून ठरवू नका. सुट्टीत मन कशापाशी घुटमळतं ते बघा. मतमोजणीची गणितं घरी बसून पुन्हा मांडली असतील तर तुलनात्मक राजकारण तुमचं आहे. स्वतःच्या श्रमातून मालमत्तेचा हक्क येतो हा लॉकचा युक्तिवाद पटत नाही आणि तरी खोडताही येत नाही असं वाटत असेल, तर राजकीय सिद्धांत घ्या. यांपैकी काहीच झालं नसेल तर विषय सोडण्यात कमीपणा नाही. आणि मन दोन्हीकडे ओढत असेल तर फॉर्म भरण्याआधी परवानगी घेऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या लेक्चरला मागच्या बाकावर बसून या. वही न्या. तास संपल्यावर वहीत उत्तरं जास्त आहेत की प्रश्न, ते बघा. प्रश्न जास्त असतील आणि तरीही पुढच्या तासाची वेळ विचारावीशी वाटली, तर फॉर्म भरा.